पीएचडीनंतर खंड पडला आहे, पुन्हा संशोधनात परतायचंय – मदत हवी आहे

माझ्या धाकट्या बहिणीने क्षयरोगाच्या जिवाणूंवर पीएचडी केली. बाळंतपणानंतर काम सुटलं, आता तिला लॅबमध्ये परतायचंय. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची 'बायोकेअर' आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-पीडीएफ' (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीची फेलोशिप) या महिला शास्त्रज्ञांसाठीच्या दोन योजना आम्ही पाहिल्या. 'वाइज-पीडीएफ'ची वयोमर्यादा २७ ते ६०, म्हणजे वयाची अडचण नाही. अडचण आहे ती मार्गदर्शक मिळण्याची. ओळख नसलेल्या शास्त्रज्ञांना ईमेल केले, उत्तरं येत नाहीत. बहीण खरंच हुशार आहे हो, मन फार खट्टू होतं.

कुणी या योजनांतून परतलं आहे का? पहिल्या ईमेलमध्ये नेमकं काय लिहिलंत? मुलाखतीत खंडाबद्दल विचारलं तर काय सांगावं? कोल्हापूर-सांगलीकडच्या ताईंनी तर जरूर लिहा.