सोसायटीची हार्ड डिस्क लागत नाही, रविवारी सभा आहे – मदत हवी आहे

सोसायटी_सचिव (गुरुवार, रात्री ९.१०)
आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ऑफिसातली बाहेरची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला लागत नाही. गणपतीच्या आधी व्यवस्थित चालत होती. मानीव अभिहस्तांतरणाचे (बिल्डरच्या सहीविना सरकारी आदेशाने जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करण्याचे) स्कॅन केलेले सगळे कागद, सभासदांची संमतीपत्रं आणि मागच्या विशेष सभेचं चित्रीकरण तिच्यात आहे. रविवारी पुनर्विकासाची सभा आहे, त्याआधी हे सगळं सल्लागारांना द्यायचंय. ड्रायव्हर टाकावा लागतो का? कुठून घ्यायचा? कृपया लवकर सांगा. आणि फॉरमॅट करा असं सांगू नका.

चरईवाला (९.१८)
'लागत नाही' म्हणजे नेमकं काय होतं? डिस्कवरचा दिवा लागतो का? कॉम्प्युटर आवाज देतो का? डेस्कटॉप आहे की लॅपटॉप? डिस्क किती टीबीची, तिला वेगळा अडॅप्टर आहे की फक्त एकच वायर? एवढं कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

घोडबंदर_रोड (९.२१)
अहो, एवढे महत्त्वाचे कागद एकाच डिस्कवर ठेवलेच कसे? आमच्या संकुलात सगळं क्लाउडवर आहे. समितीतल्या पाचही जणांना मोबाईलवर दिसतं. महिन्याला किरकोळ खर्च येतो. सभेत हाच ठराव मांडा.

सोसायटी_सचिव (९.२६)
ठराव नंतर मांडू, आधी कागद हवेत.

पेंग्विन_प्रेमी (९.३०)
उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून कॉम्प्युटर चालू करा आणि मग डिस्क लावा. विंडोज काही बोलत नाही. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून 'डीमेसेज' लिहिलं की डिस्क कधी सापडली, कधी गळाली, कशामुळे गळाली, ओळीओळीने दिसतं. मी नेहमी इथूनच सुरुवात करतो.

सोसायटी_सचिव (९.४४)
पेनड्राइव्ह बनवणं वगैरे मला जमणार नाही. डेस्कटॉप आहे, विंडोज १०. डिस्क २ टीबीची, खिशात मावेल एवढी, वेगळा अडॅप्टर नाही. लावली की दिवा लागतो, कॉम्प्युटर टुंग करतो, थोड्या वेळाने परत टुंग करतो आणि डिस्क जाते. मग पुन्हा येते, पुन्हा जाते. आतून बारीक टिक टिक ऐकू येते. घरी मुलाच्या लॅपटॉपला लावली तर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं आलं. मी रद्द केलं. ड्रायव्हरचं मात्र कोणीच सांगत नाही.

वाशी_सेक्टर१७ (९.५२)
ड्रायव्हर लागत नाही. हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह हे सगळे 'मास स्टोरेज' नावाच्या एकाच वर्गात मोडतात आणि त्या वर्गाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. नेटवर 'हार्ड डिस्क ड्रायव्हर' म्हणून जे मिळतं ते उतरवू नका, त्यातलं बरंचसं कामाचं नसतं आणि काही घातकही असतं. लॅपटॉपला लावा आणि चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवा. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, बिघडली की फॉरमॅटचा संदेश येतो. माझ्या डिस्कला असंच झालं होतं, चेकडिस्कने सरळ झाली.

चरईवाला (९.५७)
चेकडिस्क अजिबात चालवू नका! टिक टिक करणाऱ्या, मधेच गळणाऱ्या डिस्कवर तर नाहीच नाही. चेकडिस्क दुरुस्तीसाठी डिस्कवर लिहितं. लिहिता लिहिता डिस्क गेली तर आहे तेही विस्कटेल. वाचताना डिस्क अडखळली तरी विंडोजला फाइल सिस्टिम समजत नाही आणि ते 'फॉरमॅट करा' म्हणतं. म्हणजे त्या संदेशावरून डेटा गेला असं सिद्ध होत नाही. वाशीकर, तुमच्या डिस्कची तक्रार वेगळी असणार.

वाशी_सेक्टर१७ (१०.०३)
मी बारा वर्षं हाच व्यवसाय करतो. दहातल्या आठ डिस्क चेकडिस्कने उठतात.

चरईवाला (१०.०५)
आणि उरलेल्या दोन? सचिवताईंची डिस्क त्यातली असली तर रविवारी सभासदांपुढे काय ठेवायचं?

जुना_दूरसंचार (१०.२०)
दोघांनीही जरा थांबा. मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. यूएसबीच्या आधीच्या 'स्कझी' जोडणीच्या डिस्क लावण्यापासून हे सगळं पाहिलंय. त्या साखळीत प्रत्येक यंत्राला वेगळा क्रमांक द्यावा लागे आणि साखळीच्या टोकांना टर्मिनेटर (टोक बंद करणारा तुकडा) लावावा लागे. तो विसरला की डिस्क अशीच दिसे आणि जाई, आणि लोक डिस्कला दोष देत बसत. प्रिंटरला २५ पिनांचं पोर्ट, माउसला वेगळं, मोडेमला वेगळं. १९९६ मध्ये यूएसबी आली आणि एकाच तोंडात सगळं आलं, वीजसुद्धा. माझ्या मते घोळ या विजेतच आहे.

तुमच्या डिस्कला अडॅप्टर नाही, म्हणजे आतली चकती फिरवणारी मोटर त्याच वायरमधून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालते. यूएसबी २ च्या पोर्टने जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे, यूएसबी ३ च्या पोर्टने ९००. चकती उभी राहून वेग घेते त्या क्षणी अशी डिस्क एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. बरीच पोर्टं नियमापेक्षा थोडं जास्त देतात, म्हणून एरवी भागून जातं. तेवढं मिळालं नाही तर चकती पुरा वेग घेत नाही, चकती वाचणारं डोकं जागेवर बसत नाही, परत प्रयत्न होतो. टिक टिक त्यातूनही येते. डिस्क खराब असली तरी तसाच आवाज येतो, म्हणून आधी वीज तपासा.

सांगा: डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावता की मागच्या? मधे हब आहे का? केबल डिस्कसोबत आलेलीच का?

पेंग्विन_प्रेमी (१०.२४)
डीमेसेजमध्ये हेही दिसलं असतं.

कोपरी_पूर्व (१०.३१)
विषय निघालाच आहे तर विचारतो. माझा यूएसबी प्रिंटर दर दोन महिन्यांनी यादीत 'कॉपी १', 'कॉपी २' असा नव्याने दिसायला लागतो आणि जुन्या नावावर पाठवलेलं काहीच छापून येत नाही. काय करावं?

सोसायटी_सचिव (१०.३८)
मागचं पोर्ट भिंतीकडे आहे, हात जात नाही. म्हणून पुढच्या पोर्टला एक छोटा हब लावलाय. त्याला प्रिंटर, कॅमेरा आणि ही डिस्क. केबल मोबाईलची आहे, मूळची आधीच्या खजिनदारांकडे राहिली आणि ते आता ऐरोलीला राहायला गेले. मोबाईलची व्यवस्थित बसते म्हणून लिहिलं नव्हतं. डिस्कचं भोक रुंद आहे, त्यातल्या मोठ्या भागात बसते.

चरईवाला (१०.४३)
सापडलं! ते रुंद भोक म्हणजे यूएसबी ३ चं मायक्रो बी. त्याचे दोन भाग असतात. मोठ्या भागात मोबाईलची जुनी मायक्रो यूएसबी पिन बसावी म्हणूनच त्याची रचना तशी केली आहे, पण मग जोडणी फक्त यूएसबी २ ची होते. यूएसबी ३ च्या जास्तीच्या तारा शेजारच्या लहान भागात आहेत, तो तुमच्याकडे रिकामा राहतोय. शिवाय मोबाईलची केबल लांब आणि आतून बारीक तारेची असली की व्होल्टेज वाटेतच पडतं. चार्जिंगला ते चालून जातं, मोबाईल फक्त सावकाश भरतो. फिरणाऱ्या चकतीला चालत नाही.

जुना_दूरसंचार (१०.५१)
त्यावर हब. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही, तो एका पोर्टचे ५०० मिलिअँपिअर वाटून देतो. नियमाप्रमाणे त्याने प्रत्येक तोंडाला १०० द्यायचे असतात. आणि कॅबिनेटचं पुढचं पोर्ट मदरबोर्डवर थेट नसतं, आतून एक वायर पुढे आणलेली असते, म्हणजे आणखी एक जोड. पुढचं पोर्ट, हब, मोबाईलची केबल अशा तीन ठिकाणी गळती आहे. टेबल ओढा, कॅबिनेट फिरवा, डिस्क थेट मागे लावा. मागे आत निळं प्लॅस्टिक असलेलं पोर्ट असेल तर त्यालाच.

कोपरीकर, तुमचा प्रिंटर बहुतेक स्वतःचा अनुक्रमांक कॉम्प्युटरला सांगत नाही. मग विंडोज त्याला पोर्टवरून ओळखतं. साफसफाईत वायर दुसऱ्या पोर्टला गेली की तो नवा प्रिंटर ठरतो. पोर्ट ठरवून ठेवा, वर चिकटपट्टी लावा, जास्तीची नावं यादीतून काढून टाका.

वाशी_सेक्टर१७ (११.०२)
केबल शोधत कशाला बसता? डिस्कचं खोकं उघडा, आत साधी अडीच इंची साटा डिस्क (कॉम्प्युटरच्या आतल्या जोडणीची) निघते, ती डेस्कटॉपच्या आत थेट जोडा. वीज एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून, यूएसबीचा प्रश्नच मिटला.

चरईवाला (११.०९)
सगळ्यांच्यात नाही निघत. हल्लीच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्या सर्किटवरच असतं, साटाचं कनेक्टर नसतंच. काहींच्यात यूएसबी आणि डिस्क यांच्या मधली चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करते, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवते. ती डिस्क बाहेर काढून साटाला लावली तर नुसता कचरा वाचला जातो, पासवर्ड ठेवला नसला तरी. साध्या केबलने सुटणाऱ्या गोष्टीसाठी खोकं फोडायला लावू नका.

वाशी_सेक्टर१७ (११.१२)
एन्क्रिप्शनवाल्या मीही पाहिल्यात. पण जुन्या डिस्कना साटा असतो, हे तर मान्य?

चरईवाला (११.१३)
जुन्यांना असतो, मान्य. ताईंची कोणती ते उघडल्याशिवाय कळणार नाही, म्हणून उघडू नये.

घोडबंदर_रोड (११.२०)
यूएसबी बनवणाऱ्यांत आपला माणूस आहे हे किती जणांना माहीत आहे? इंटेलमधले अजय भट्ट, शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. एका प्रणालीत १२७ यंत्रं जोडता येतात. मुलांना शाळेत हे सांगायला हवं.

सोसायटी_सचिव (शुक्रवार, संध्याकाळी ७.०५)
गोखले रोडवरून यूएसबी ३ ची आखूड केबल आणली. वॉचमनच्या मदतीने टेबल ओढलं. मागे निळं पोर्ट होतं. लावली आणि डिस्क उघडली! सगळी फोल्डरं दिसतायत. टिक टिक नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता मुलाच्या डिस्कवर कॉपी लावलीय. ३०० जीबी आहे. किती वेळ लागेल?

चरईवाला (७.११)
वा! मुलाची डिस्कही मागच्याच निळ्या पोर्टला असेल तर तासाभरात व्हावं. पुढच्या यूएसबी २ ला असेल तर अडीच तास धरा. यूएसबी २ चा ४८० मेगाबिट हा कागदावरचा वेग, हातात सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइट पडतात.

सोसायटी_सचिव (८.४०)
कॉपी एका व्हिडिओवर अडकलीय. पुढे सरकत नाही, रद्दही होत नाही. मुलाने डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टल डिस्क इन्फो हा प्रोग्रॅम टाकून बघितलं, पिवळा रंग येतोय. सी५ पुढे ८ आहे, सी७ पुढे ०.

वाशी_सेक्टर१७ (८.४६)
सी७ म्हणजे केबलच्या चुका. शून्य आहे, म्हणजे केबलचा दोष कधी नव्हताच. मी म्हणत होतो.

जुना_दूरसंचार (८.५५)
नाही हो. सी७ मोजतो तो डिस्क आणि मधली चिप यांच्यातला साटाचा दुवा. बाहेरची यूएसबी केबल त्यात मोजलीच जात नाही. तिथे शून्य असूनही मोबाईलच्या केबलने गोंधळ घातलेला असू शकतो, आणि केबल बदलताच डिस्क उघडली हे तुम्ही वाचलंत.

ताई, सी५ महत्त्वाचा. तो डिस्कला वाचता न आलेल्या जागा मोजतो. आठ ही संख्या लहान आहे, पण अशी डिस्क आता भरवशाची नाही. विजेच्या ओढाताणीने हे झालं की डिस्क वयाने थकली, हे बाहेरून ठरवता येणार नाही. तिच्यावर नवीन काही लिहू नका.

चरईवाला (९.०४)
आधी कागद. स्कॅनच्या फाइली लहान असतात, त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी घ्या. त्या झाल्या की व्हिडिओ एकेक करून. एक्सप्लोररने ओढू नका, तो खराब जागेवर अडून बसतो. विंडोजमध्ये कॉपी करणारा रोबोकॉपी नावाचा प्रोग्रॅम आहे, मुलाला सांगा. मात्र त्यात पुन्हा प्रयत्नांची संख्या एक करायला विसरू नका, कारण काही न सांगता सोडलं तर तो प्रत्येक खराब फाइलवर दहा लाख वेळा प्रयत्न करतो, मधे तीस-तीस सेकंद थांबून.

पेंग्विन_प्रेमी (९.१०)
लिनक्समधलं डीडीरेस्क्यू याच कामासाठी आहे. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अवघड जागा शेवटी ठेवतं. कागद हाताशी आले की मग तरी विचार करा. वाशी किंवा ठाण्यात असाल तर मी पेनड्राइव्ह घेऊन येतो, पैसे नकोत.

घोडबंदर_रोड (९.१५)
चित्रीकरण ज्याने केलं त्याच्याकडे मूळ फाइल असेल ना? पुनर्विकासाच्या सभेचं चित्रीकरण महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ च्या निर्देशांत आहे, ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय बघा. आमच्या चित्रीकरणवाल्याने प्रत जपून ठेवली होती. फोन करून बघा.

सोसायटी_सचिव (शनिवार, दुपारी १२.३०)
घोडबंदरकर, तुमचे विशेष आभार! त्यांच्याकडे प्रत होती, मिळाली. कागद सगळे आले, मुलाच्या डिस्कवर आणि खजिनदारांच्या लॅपटॉपवर अशा दोन ठिकाणी आहेत. एक व्हिडिओ सोडून बाकीचे रोबोकॉपीने उतरले.

आता एकच. सल्लागारांना द्यायच्या नव्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर सभेचा व्हिडिओ जात नाही. पेनड्राइव्ह रिकामा आहे तरी 'फाइल खूप मोठी आहे' म्हणतो. ती ११ जीबीची आहे. पेनड्राइव्हही खराब निघाला का? चार वाजता सल्लागार येतायत.

वाशी_सेक्टर१७ (१२.३४)
खराब नाही. तो फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, जागा कितीही असो. पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट निवडा. सल्लागारांचा मॅक असला तरी चालेल.

चरईवाला (१२.३६)
बरोबर, एक्सफॅटच. फॉरमॅट दाबण्याआधी वरच्या ओळीत ६४ जीबीच्या आसपासचाच आकडा आहे ना ते बघा, आणि जुनी डिस्क त्या वेळी काढून ठेवा.