केमोच्या रुग्णांना घरच्या अडचणी कशा विचारायच्या? मदत हवी आहे

नमस्कार. मी सोलापुरात कॅन्सर रुग्णांसोबत समाजसेविका म्हणून काम करते. महात्मा फुले योजनेतून बऱ्याच जणांचा उपचाराचा खर्च भागतो. पण रेडिएशनसाठी आठवड्यातले पाच दिवस अक्कलकोट, मंगळवेढ्याहून यायचं, सोबत येणाऱ्याची रोजंदारी बुडते, घरात धान्य आहे की नाही, यातलं काहीच केसपेपरवर येत नाही. रुग्ण मध्येच यायचा थांबतो आणि नोंद होते फक्त ‘गैरहजर’ एवढीच. मला हे फार लागतं.

म्हणून पहिल्याच भेटीत प्रवास, जेवण, राहणं, कमाई आणि घरी सांभाळणारं कोण, हे सगळ्यांनाच विचारायचं ठरवतोय. अमेरिकेत ‘प्रापेअर’ नावाची अशी प्रश्नावली वापरतात, पण तिचं नुसतं भाषांतर इथे चालणार नाही. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावरच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे कन्नड. शिवाय ‘दोन वेळचं जेवण मिळतं का’ असं तोंडावर विचारलं की बाई मान खाली घालते, नवऱ्यासमोर तर बोलतच नाही.

कुणी असं काम केलंय का? प्रश्न कोणत्या शब्दांत विचारलेत? नर्सनं विचारावं की समाजसेवकानं?

आणि विचारल्यावर हातात काहीतरी द्यायला हवंच. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर रुग्ण बसतात, रेल्वेची सवलतही आहे. निराधारचा अर्ज तहसीलमध्ये लवकर पुढे सरकावा म्हणून तुम्ही काय करता, तेही कृपया सांगा.