हलत्या देखाव्याची मोटर: एन्कोडर बसवायचा कुठे?

प्रेषक: मखर समिती, ब्रॅम्प्टन

नमस्कार मंडळी,

चतुर्थीला पाच आठवडे उरले. वारीचा देखावा तळघरातून वर काढलाय. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवसापासून आमची दिंडी पंढरपूरला पोचेनाशी झाली होती, आठवतंय ना? महाद्वाराच्या अलीकडेच थांबायची आणि तिथूनच माघारी. मोटर स्टेपर, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेपने) फिरणारी. ती स्टेप चुकवते असा आमचा कयास, म्हणून किती फिरलं ते मोजणारा एन्कोडर लावतोय. मोटर नेमा १७ मापाची, त्यावर २० दात्यांची जीटी२ पुली, तिच्यावरचा दातेरी पट्टा दिंडी ओढतो. एएस५६०० (समोर फिरणाऱ्या चुंबकाचा कोन वाचणारी चिप) चा बोर्ड आणलाय आणि घरातला एक गोल चुंबकही आहे. मोटरला मागून शाफ्ट नाही. मागचं झाकण उघडून रोटरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) टोकाला चुंबक चिकटवू का? चारच तर स्क्रू आहेत.

प्रेषक: पिंपरीवाले काका, मिसिसागा

अगं, आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेव. स्टेपर उघडायची नसते. या मोटरचा चुंबक सहसा रोटर आत बसवल्यावरच मॅग्नेटाइज करतात. रोटर बाहेर ओढला की जोर कमी होऊ शकतो. रोटर आणि भोवतालचा स्थिर स्टेटर यांतली फट केसाएवढी, त्यात लोखंडाचा एक कण शिरला तरी घरघर सुरू. मागून एन्कोडर हवाच असेल तर दोन्हीकडे शाफ्ट असलेली मोटर मिळते, ती घ्या.

पण मला आधी सांग, दिंडी नेमकी किती मागे राहायची? या मोटरच्या रोटरला ५० दाते आणि फेरीला २०० स्टेप. ती हुकते तेव्हा पुढच्या दात्यात जाऊन पडते, म्हणजे ४ स्टेपच्या पटीत. तुमची पुली फेरीला ४० मिमी पट्टा ओढते, तेव्हा चूक ०.८ मिमीच्या पटीत यायला हवी. पट्ट्यानेच दाता सोडला तर २ मिमीच्या पटीत. आणि कशाच्याच पटीत बसत नसेल, तर दोष मोटरचा नव्हे.

प्रेषक: मखर समिती

काका, पट्टीने कोणी मोजलंय! एक दिवस बोटभर, दुसऱ्या दिवशी नखभर. पण तुमची मेल वाचून पुली आणि शाफ्टवर मिळून मार्करची एक आडवी रेघ मारली आणि दिंडी अर्धा तास पळवली. रेघेचे दोन तुकडे झाले.

प्रेषक: पिंपरीवाले काका

मग पुली शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू घसरतोय. शाफ्ट गोल असेल तर कानसीने स्क्रूपुरती चपटी पाड, मोटरवर कापड गुंडाळून, कीस आत जाता कामा नये. वर थेंबभर थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होत नाही. यात गंमत बघ, मोटरच्या मागे एन्कोडर बसवला असता तर त्याने रोज ‘सगळं ठीक’ असंच सांगितलं असतं. मोटर बरोबरच फिरत होती की.

तरी एन्कोडर हवा असेल तर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लाव. तिथली मोकळी पुली काढून २० दात्यांची पुली ५ मिमी शाफ्टवर घट्ट बसव आणि शाफ्ट दोन ६२५ बेअरिंगमध्ये धर. पट्टा जेवढा सरकेल तेवढंच तो सांगेल. फेरीचे ४०९६ भाग, म्हणजे शंभरांश मिलिमीटर. वारकऱ्यांना तेवढं कशाला लागतंय म्हणा.

चुंबक मात्र घरातला चालणार नाही. त्याचे ध्रुव चपट्या बाजूंवर असतात. या चिपला व्यासाच्या दोन टोकांना ध्रुव असलेला लागतो, ६ मिमीचा. नाहीतर शाफ्ट गरगर फिरेल आणि आकडा हलणारच नाही. शाफ्ट पोलादी, म्हणून मध्ये पितळी किंवा प्लास्टिकची टोपी दे. चिप आणि चुंबकात मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट ठेव. मध्य जुळवायला वेळ लागला तरी चालेल, कारण चुंबक बाजूला बसला की दर फेरीला आकडा पुढे-मागे डुलतो. बोर्डाची डीआयआर (दिशा ठरवणारी) पिन लोंबकळत ठेवू नकोस, ग्राउंडला जोड. ४०९५ नंतर शून्य येतं, तेव्हा फेऱ्या प्रोग्रामनेच मोजायच्या. आणि मोटरजवळचा ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापू नका, साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. पीईटीजी घ्या.

प्रेषक: खजिनदार

पावती जपून ठेवा, गेल्या वर्षीच्या पट्ट्याची अजून मिळालेली नाही. आणि ज्यांनी या धाग्यावर नैवेद्याची यादी पाठवली त्यांनी ती दुसऱ्या मेलमध्ये पाठवावी.

प्रेषक: मखर समिती

चपटी पाडली. काल रात्री दोन तास दिंडी चालवली, रेघ जागची हलली नाही. चुंबक गुरुवारी येतोय. काका, शनिवारी ६२५ बेअरिंग तुमच्याकडची आणाल का?