पुराजीला गुहागरला न्यावं की सांगलीतच ठेवावं?

गावभागातली सून

नाताळच्या सुट्टीत पाच दिवस गुहागर ठरलंय. माणसं आठ, गाड्या दोन, आणि घरात भांडण एकच: पुराजीचं काय करायचं?

पुराजी म्हणजे आमचं गावठी कुत्रं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हे दोन महिन्यांचं पिल्लू आमच्या जिन्यात येऊन बसलं होतं. पुरात आलं म्हणून पुराजी. अजूनही ढग गडगडले की देव्हाऱ्याखाली शिरतो. अंघोळीची बादली दिसली की गच्चीवर पळतो. अशा कुत्र्याला समुद्र दाखवायची हौस आमच्या ह्यांना आलीय.

तिथल्या घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "आणा की, पण आत नको. पडवीत बांधा." दुसरा पर्याय, कुत्री सांभाळणाऱ्यांकडे पैसे देऊन ठेवण्याचा. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात चार दिवस तसं ठेवलं होतं. परत आला तो खोकतच. घशात काही अडकल्यासारखा ठसका, दोन आठवडे. तेव्हापासून सासूबाईंचं पालुपद सुरू आहे: "तुम्ही जा, मी राहते त्याच्याजवळ." त्यांनी आयुष्यात एकदाच समुद्र पाहिलाय, त्यामुळे हे ऐकलं की माझंच पोट तुटतं.

कोणी काय केलंय सांगा. "मुलासारखं असतं हो" असलं नको, ते मला ठाऊक आहे.

साताऱ्याचा लॅब

आम्ही आमचं लॅब्राडोर कुत्रं नेलं होतं. कुंभार्ली घाटातून, असंच हिवाळ्यात. पाटणला थांबून त्याला इडली चारली, ही माझी चूक. घाटात तिसऱ्या वळणाला ती इडली मागच्या सीटवर. निघायच्या आधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा, पाणी मात्र थोडं थोडं देत राहा.

समुद्रावर गडी खूश होता, पण खारं पाणी लपालपा प्यायला. रात्री जुलाब, चार वेळा. आणि जेवणाचं कोणी सांगत नाही ते सांगतो: बहुतेक खानावळींत कुत्रं आत घेत नाहीत, आणि बंद गाडीत त्याला ठेवायचं नाही. हिवाळ्यातही दुपारच्या उन्हात गाडी भट्टीसारखी तापते. मग काय, पाच दिवस आम्ही नवरा-बायको आळीपाळीने जेवलो. सुरमई दोघांनीही खाल्ली, पण एकत्र एकदाही नाही. आमचं कुत्रं पाण्याचं वेडं, म्हणून एवढं तरी निभलं. तुमचं तर उलटंच.

शिराळ्याकडचा

ताई, पडवीत बांधायचं तेवढं डोक्यातनं काढा. आमच्याकडं उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्लं घालती, आणि वस्तीवरची कुत्री रात्रीत गायब होत्यात. साखळी तुटलेली पण नसती, नुसता पट्टा राहतो. कोकणात पण बिबट्या हाय, विहिरीत पडलेला बातम्यात बघता की. परक्या गावात बांधलेलं कुत्रं म्हंजे वाढलेलं ताट. घरात झोपवणार असतील तर न्या, न्हाईतर ठेवा.

आणि जाता-येता कोयनेच्या अभयारण्यात शिरायचा बेत असंल तर कुत्रं गाडीत नको. आत घेऊन जायला बंदी हाय.

शिरवळची विद्यार्थिनी

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते, अजून डॉक्टर नाही. तरी त्या खोकल्याबद्दल लिहिते. तुम्ही सांगताय तो बहुधा 'केनेल कफ' असावा. पुष्कळ कुत्री एका छपराखाली असली की हवेतून पसरतो. आपण दरवर्षी जी एकत्रित लस देतो तिच्यात त्याचा मुख्य जंतू नसतो, त्याची लस वेगळी मागून घ्यावी लागते. तीही ऐन निघायच्या दिवशी नाही, निदान दोन आठवडे आधी. त्यामुळे ठेवण्याच्या जागेत फरशी किती चकचकीत आहे ते बघण्यापेक्षा, इतरांची लसीकरणाची पुस्तिका ते मागतात का, हे बघा.

पण माझं मत विचाराल तर आवाजाला आणि पाण्याला घाबरणारं गावठी कुत्रं ओळखीच्या माणसाकडे सगळ्यात निवांत राहतं. घाटासाठी झोपेची गोळी मात्र मनानं देऊ नका. आणि एक रात्र आधी ठेवून बघा, थेट पाच दिवस नको.

ओळखीचं कोणी आहे का तसं?

गावभागातली सून

आहे! आमच्या धुण्याभांड्याच्या मावशी, हरिपूरच्या. मला सुचलंच नव्हतं. कारण आम्ही आपसातच भांडत होतो. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मग इतके दिस काय गप्प बसला होता?"

परवा रात्रभर ठेवला. सोबत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला, त्याचं जेवणाचं ताट दिलं, आमच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर चिकटवला. रात्री अकराला मी फोन केला, ह्यांनी साडेअकराला, आणि सासूबाईंनी पहाटे पाचला. मावशी तिसऱ्या फोनला वैतागल्या.

सकाळी आम्ही तिघंही आणायला गेलो. पुराजी दारात आला, शेपूट हलवली, आणि परत जाऊन मावशींच्या शेळीशेजारी उन्हात आडवा झाला. दूधभाकरीचं ताट चाटून लख्ख. खरं सांगायचं तर मला जरा अपमानच वाटला. सासूबाई म्हणाल्या, "बेइमान मेला," आणि घरी आल्यावर माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

आता भांडण पैशांवर आहे. मावशी काही घ्यायला तयार नाहीत.

साताऱ्याचा लॅब

द्याच. बाहेर ठेवलं असतं तर दिलेच असते ना? तेवढेच द्या, आणि येताना सुकी मासळी आणा.