वंशावळीतील 'कूळ', 'वांगड' आणि 'सपिंड' या शब्दांचे अर्थ

प्रश्न : आजोबांच्या पेटीत मिळालेली आमच्या गोव्यातील घराण्याची वंशावळ मी सध्या नीट उतरवून काढत आहे. मूळपुरुषापासून नऊ पिढ्यांची नावे आहेत. मात्र 'वांगड' आणि 'सपिंड' हे शेरे मला उलगडत नाहीत. शिवाय समासात एका शेताच्या नावापुढे 'कूळ' म्हणून दुसऱ्याच घराण्यातील व्यक्तीचे नाव आहे. ते आमचे भाऊबंद समजावेत काय?

उत्तर १ : बहुधा नाहीत. कूळ म्हणजे घराणे, तसेच दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. आपल्याकडचा १९६४ चा कूळकायदा या दुसऱ्या अर्थाचा. नावापुढे खंडाच्या भाताचे माप आहे का, ते पाहावे.

उत्तर २ : वांगड हा शब्द गावकारीतला, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या गोव्यातील जुन्या संस्थेतला आहे. गावच्या मूळ गावकारांची जी घराणी मानली गेली, त्यांतील प्रत्येक गट म्हणजे एक वांगड. आणि कोमुनिदादीतील (गावकारी संस्थेचे पोर्तुगीज नाव) गावकारीचा हक्क परंपरेने बापाकडून मुलाकडे जात असल्यामुळे अशा वंशावळी पुष्कळदा तो हक्क दाखवण्यासाठीच लिहिल्या जात. म्हणून आपल्या कागदात मुलींची नावे नसतील, तर त्या घरात मुली जन्मल्याच नाहीत असे कृपया समजू नये. देवळाचे महाजनपण, म्हणजे देवळाच्या कारभारातील वंशपरंपरागत हक्क, ही आणखी वेगळी बाब आहे. ती वांगडात मिसळू नये.

उत्तर ३ : सपिंडाबद्दल थोडे. बाप, आजा व पणजा यांना पिंड मिळतो, त्यांच्या वरच्या तिघांना हाताला लागलेला पिंडाचा लेप मिळतो, आणि स्वतःला धरून अशा सात पिढ्या पितृपक्षाकडून सपिंड होतात. मातृपक्षाकडून मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका पाचच धरते. त्यापलीकडचे ते समानोदक, म्हणजे केवळ तर्पणाच्या पाण्यापुरते नाते उरलेले. आपल्याकडील पोर्तुगीज दिवाणी कायद्याची मोजणी मात्र निराळी आहे : एका व्यक्तीपासून समान पूर्वजापर्यंत वर चढायचे, तेथून दुसऱ्या व्यक्तीपर्यंत उतरायचे आणि जितके जन्म ओलांडले तितक्या पायऱ्या धरायच्या. त्यामुळे सख्खे भाऊ दोन पायऱ्यांवर, तर चुलतभाऊ चार पायऱ्यांवर येतात. वारसाच्या कागदातील आकडे वंशावळीतील पिढ्यांशी जुळवताना माझाही एकदा असाच घोटाळा झाला होता.

प्रश्नकर्ता : आपणा सर्वांचा आभारी आहे. भिंगाने पुन्हा पाहिले. त्या नावापुढे पुसट अक्षरांत 'दोन खंडी भात' असे लिहिलेले आहे.