40,000 किलोमीटरचं सर्व्हिसिंग: कंपनीचं एस्टिमेट 15,600, बाहेर 6,000. काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडीच्या सर्व्हिसिंगचा निर्णय या आठवड्यात घ्यायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, साधे गिअर, चार वर्षं पूर्ण, 39 हजार किलोमीटर ओलांडलेली. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा प्रश्न कुणा एकाबद्दल नाही. गाडी घेतानाच वाढीव वॉरंटी घेतली होती. ती पाच वर्षांपर्यंत आहे, म्हणजे अजून वर्षभर शिल्लक आहे.

आम्ही साताऱ्यात राहतो. गाडीचा रोजचा वापर शाळेपर्यंत (मी शिक्षिका आहे), आणि महिन्यातून एक-दोनदा चिपळूणला आई-बाबांकडे. पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. बाबांची बायपास झालेली आहे आणि तपासणीसाठी त्यांना कराडला आणावं लागतं. कधी पावसात, कधी अंधार पडल्यावर घाट उतरावा लागतो, तेव्हा मागच्या सीटवर ते दोघं असतात. त्यामुळे ब्रेक आणि टायर या दोन गोष्टींत मला पैसे वाचवायचे नाहीत. बाकी ठिकाणी मात्र विनाकारण द्यायचेही नाहीत.

काल सर्व्हिस सेंटरला जाऊन एस्टिमेट घेतलं. टॅक्स धरून 15,600 रुपये! त्यात इंजिन ऑइल 2,150, ऑइल फिल्टर आणि वॉशर 190, एअर फिल्टर 480, एसीचा फिल्टर 520, चार स्पार्क प्लग 1,360, ब्रेक ऑइल 420, आणि सर्व्हिसची मजुरी 2,400. त्यापुढे चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,100, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं) 650, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर (इंजिनात हवा आणि पेट्रोल सोडणारे भाग) क्लीनिंग 1,450, एसी डिसइन्फेक्शन 1,200, अंडरबॉडी कोटिंग 2,900 आणि उंदरांसाठी फवारणी 780.

"मॅडम, चाळीस हजारांचं सर्व्हिसिंग मेजर असतं, हे सगळं लागतंच," असं तिथल्या सल्लागाराने सांगितलं. यातलं काय नाही केलं तर चालेल, असं विचारल्यावर म्हणाला, "तुमची इच्छा, पण मग पुढे काही झालं तर आम्ही जबाबदार नाही." त्या वाक्यानेच मी अडकले आहे.

एमआयडीसीत एक ओळखीचे मिस्त्री आहेत, आमच्या दिरांची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असते. ते म्हणाले, ओरिजिनल पार्ट आणून, ऑइल-फिल्टर-प्लग-ब्रेक ऑइल सगळं बदलून सहा हजारांच्या आसपास होईल. यजमानांचं मत तिकडे टाकावी. बाबा फोनवर एकच सांगतात, "वॉरंटी आहे तोवर कंपनीतच टाक."

माझे प्रश्न असे: बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी खरंच जाते का? वरच्या यादीतलं नक्की गरजेचं काय? आणि घाटातल्या वापरासाठी वेगळं काही तपासून घ्यायला हवं का?

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं सर्व्हिस सल्लागार होतो, आता ते काम सोडलं आहे. तेव्हा आतल्या बाजूने सांगतो.

तुम्ही 15,600 ची तुलना 6,000 शी करताय, तिथेच गोंधळ होतोय. मिस्त्री जी कामं सांगतायत तेवढीच कामं एस्टिमेटमध्ये जोडून बघा: ऑइल, ऑइल फिल्टर आणि वॉशर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, मजुरी. बेरीज 7,520 येते. म्हणजे एकसारख्या कामाचा फरक दीड हजाराचा आहे. उरलेले 8,080 हे वेगळ्या कामांचे आहेत, आणि त्यांचा तुमच्या वॉरंटीशी संबंध नाही.

वर्कशॉपमध्ये या जादा कामांना 'व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस' म्हणतात. सल्लागाराला त्याचं महिन्याचं टार्गेट असतं. त्या मुलावर राग धरू नका, त्याचा इन्सेंटिव्ह बहुतेक त्यावरच असतो. पण तुमच्या गाडीला काय लागतं हे त्याच्या टार्गेटवरून ठरत नाही. ते ग्लव्ह बॉक्समधल्या पुस्तकात छापलेलं आहे. ओनर्स मॅन्युअलमध्ये देखभालीचा तक्ता असतो: डावीकडे कामं, वर किलोमीटर आणि महिने. 40,000 चा रकाना शोधा. 'बदला' आणि 'तपासा' यांची खूण वेगवेगळी असते, ती नीट बघा. 'तपासा' असलेली वस्तू एस्टिमेटमध्ये बदलायला लावली असेल तर जुना भाग दाखवायला सांगा.

आता जादा कामं. इंजिन फ्लश नको. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात त्याची गरज नसते. थ्रॉटल आणि इंजेक्टर क्लीनिंग तेव्हाच, जेव्हा गाडी उभी असताना आरपीएम (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या) वरखाली होतो, पिकअप कमी वाटतो किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो. एसीला कुबट वास येत असेल तरच ते डिसइन्फेक्शन, नाहीतर नवा फिल्टर पुरे. आणि तो फिल्टर बहुतेक हॅचबॅकमध्ये ग्लव्ह बॉक्सच्या मागेच असतो, घरी दहा मिनिटांत बदलता येतो.

अलाइनमेंटचं मात्र वेगळं. कराड-चिपळूण रस्त्यावरचे खड्डे लक्षात घेता मी ते सरसकट खोडणार नाही. सरळ सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सरळ धरून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. पुढच्या टायरची आतली आणि बाहेरची कड हात फिरवून तुलना करा. झीज कमी-जास्त असेल तर अलाइनमेंट करा, तेही चांगल्या टायरच्या दुकानात. तिथे स्वस्त पडतं.

प्रतिसाद २

वॉरंटीबद्दल. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देणं हा मुख्य मुद्दा होता. त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी.

तत्त्व तुमच्या बाजूचं आहे. पण त्या आदेशावर अपिलं झाली, आणि काउंटरवर त्याची प्रिंट दाखवून काम होईल असं धरून चालू नका. त्यात तुमची वाढीव वॉरंटी हा वेगळा करार आहे. ठरलेली सर्व्हिसिंग ठरलेल्या मुदतीत अधिकृत वर्कशॉपमध्ये केलेली असावी, अशी अट अशा करारांत बहुधा असते. तुमच्या पुस्तिकेत ते कलम स्वतः वाचा. किलोमीटर किंवा दिवसांची थोडी सवलत दिलेली असेल तर तीही तिथेच असेल.

उद्या स्टिअरिंगची इलेक्ट्रिक मोटर किंवा इंजिनचा कंट्रोल युनिट गेला, तर तो खर्च दीड हजारांच्या कितीतरी पट असतो. एक वर्षासाठी तो वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. बाबांचं बरोबर आहे.

सल्लागाराचं ते "जबाबदार नाही" वाक्य मात्र फ्लश किंवा कोटिंगला लागू होत नाही. त्याला शांतपणे सांगा, "हे मॅन्युअलच्या तक्त्यात कुठे आहे ते दाखवा, किंवा न केल्यास वॉरंटी जाईल असं जॉब कार्डवर लिहून द्या." लेखी कुणी देत नाही. तरीही अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

प्रतिसाद ३

अंडरबॉडी कोटिंगचं बोलतो, आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाऱ्या हवेत गाड्या कशा गंजतात ते बघत आलोय. कोटिंग वाईट नाही, पण ते नव्या गाडीला, कोरड्या स्वच्छ पत्र्यावर एकदा करायचं असतं. चार वर्षं वापरलेल्या गाडीचा चिखल घाईत धुऊन वर काळा थर मारला तर ओल आत कोंडते, आणि पाणी बाहेर जायची भोकं बुजली तर गंज उलट लवकर धरतो. त्यापेक्षा पावसाळा संपल्यावर गाडी रॅम्पवर चढवून खालून नीट धुऊन घ्या आणि रंग उडालेला आहे का ते डोळ्यांनी बघा.

उंदरांचा त्रास खरा आहे, त्यांनी वायरिंग कुरतडलं की मोठा खर्च येतो. पण फवारणी धुऊन जाते, वास उडतो. बॉनेटखाली हवा आत येते तिथे बारीक जाळी बसवून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! 7,520 ची बेरीज मला सुचलीच नव्हती, कारण एस्टिमेटमध्ये सगळं एकाखाली एक सरमिसळ लिहिलेलं होतं.

मॅन्युअल काढून बसले. 40,000 च्या रकान्यात ऑइल, फिल्टर, प्लग आणि ब्रेक ऑइल 'बदला' असं आहे. फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, कोटिंग यांचा उल्लेखही नाही. अलाइनमेंट 'गरजेनुसार'. म्हणजे ही वेळ सर्व्हिस सेंटरलाच, फक्त तक्त्यातली कामं, असं ठरवतेय.

ब्रेक ऑइलबद्दल कुणी सांगेल का? पातळी बरोबर आहे, मग बदलायचं कशासाठी? आणि पुढच्या वर्षी वॉरंटी संपल्यावर मिस्त्रींकडे जायचं ठरवलं तर त्यांच्याकडून काय काय पाहून घ्यायचं?

प्रतिसाद १

ताई, ब्रेक ऑइल नक्की बदला. तुमच्या पूर्ण यादीत तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचे ते 420 रुपये आहेत. ते हवेतली ओल शोषतं आणि तसा त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत येते. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून डिस्क तापते, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे झाले की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. पातळी पूर्ण असली तरी हे होतं. म्हणून बऱ्याच कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात. आणि कुंभार्ली उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरा, ब्रेकवर भार कमी येतो.

घाटासाठी आणखी तीन गोष्टी जॉब कार्डवर लिहून घ्या: पुढच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये, मागच्या ड्रमचे शू उघडून साफ करणं, आणि चारही टायरची खोली. कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर चालते, पण पावसात 3 च्या खाली गेलेल्या टायरवर मी घाटात घरच्यांना नेणार नाही. स्टेपनीची हवासुद्धा बघायला लावा.

प्रतिसाद ४

वॉरंटी संपल्यापासून माझी गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये आहे आणि उत्तम चालते आहे. चांगला मिस्त्री मिळणं हे भाग्य आहे, तुमच्या दिरांचा अनुभव असेल तर खुशाल जा. पण एक गोष्ट स्वतः सांभाळा: ऑइलचा ग्रेड. आताच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 असं पातळ ऑइल लागतं. काही जुने मिस्त्री "पातळ ऑइल टिकत नाही" म्हणून ड्रममधलं जाड ऑइल ओततात. मॅन्युअलमधल्या ग्रेडचा सीलबंद डबा स्वतः आणा, समोर उघडायला लावा. पार्ट कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून बिलासह घ्या. सगळी बिलं किलोमीटर लिहून एका फाइलमध्ये ठेवा, गाडी विकताना तीच उपयोगी पडतात.

डिझेलवाल्यांसाठी: बीएस 6 डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्याला ठरावीक प्रकारचंच ऑइल लागतं. स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये ती गाडी नेऊ नका.

आणखी एक. बाहेर सर्व्हिसिंग करायला लागलात तरी कंपनीच्या वेबसाइटवर अधूनमधून चेसिस नंबर टाकून रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणं) आहे का बघत जा. मारुतीने मार्च 2024 मध्ये 2019 साली बनलेल्या 16 हजार बलेनो आणि वॅगनआर फ्युएल पंपाच्या मोटरसाठी परत बोलावल्या होत्या. असं काम फुकट होतं, वॉरंटी संपलेली असली तरी.

धागाकर्ती

सोमवारी सकाळी गाडी टाकतेय. तक्त्याच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेतला आहे. एसी फिल्टर आत्ताच दुकानातून आणून यजमानांनी बसवला, त्यामुळे तोही एस्टिमेटमधून काढायला सांगणार आहे. बिल आलं की इथेच टाकते.

प्रतिसाद १

छान. सोमवारी गर्दी असते, पहिल्या अर्ध्या तासात पोहोचा. जॉब कार्डवर सही करण्याआधी सगळ्या ओळी वाचा, आणि शेवटी स्वतःच्या हाताने लिहा: "याव्यतिरिक्त कोणतंही काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये." जुने प्लग आणि फिल्टर डिकीत ठेवायला सांगा.