हायाबुसा घ्यावी की झेडएक्स-१०आर? वापरलेल्यांनीच सांगा

करवीरकर_३९०
नमस्कार मंडळी. सध्या केटीएमची आरसी ३९० ही एक सिलिंडरची मोटरसायकल आहे. तिच्याबद्दल काडीची तक्रार नाही, पण आता चार सिलिंडरची हौस भागवायचीय. बजेट सेकंडहँडचं. दोन गाड्या हेरून ठेवल्यात: २०२१ ची सुझुकी हायाबुसा, पुण्यातली, आणि २०१९ ची कावासाकी झेडएक्स-१०आर, दिल्ली पासिंग. दुसरी बरीच स्वस्त पडतेय. माझं फिरणं म्हणजे रविवारी पहाटे हायवेने बेळगाव, अधूनमधून आंबोली नाहीतर गगनबावडा. बायकोही मागे बसते. उंची पाच फूट सहा. टॉप स्पीड वगैरे सगळं वाचून झालंय, ते नको. ज्याच्या घरी गाडी उभी आहे त्याने सांगावं.

पासिंग_एमएच०९
दिल्लीची स्वस्त दिसते, पण थांबा. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथे नव्याने पासिंग, महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा. आरसीवर (नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा आहे का, चलनं थकलीत का, हे आधी बघा. सगळं धरून हिशोब करा, फरक बराच खाली येतो.

सातारा_घाटमाथा
दोन्ही वापरल्यात. आधी १०आर, आता तिसऱ्या पिढीची हायाबुसा. रस्ते तुमचे नि माझे जवळपास तेच.

टॉप स्पीड नकोच, पण टॉर्कचे (इंजिनच्या ओढीचे) आकडे बघा, कारण खरा फरक तिथे आहे. १०आरचा जास्तीत जास्त टॉर्क ११५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो येतो अकरा हजार आरपीएमच्या पुढे. हायाबुसाचा १५०, तोही सात हजारांला. हायवेवर शंभरने टॉप गिअरमध्ये जाताना १०आर चार हजारांच्या आसपास असते, म्हणजे तिच्या दृष्टीने अजून झोपेतच. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला की दोन गिअर पाडायचे, मग ओव्हरटेक. हायाबुसाला गिअरला हात लावावा लागत नाही, मूठ थोडी पिळली की झालं. मागे माणूस बसलेलं असताना हा फरक फार जाणवतो, झटका बसत नाही.

घाटात गोष्ट वेगळी. १०आर पहिल्याच गिअरमध्ये दीडशेच्या घरात जाते, त्यामुळे आंबोलीत तुम्ही पहिल्या-दुसऱ्यातच अडकून पडता आणि उतारावर सगळा भार मनगटांवर येतो. पण वळणात ती जशी झुकते, तसं हायाबुसाला जमत नाही. १०आर २०६ किलो आणि हायाबुसा २६६ किलो, साठ किलोंचा फरक आहे. हायाबुसा घेऊन हेअरपिनला (यू आकाराच्या वळणाला) हळू शिरलात तर ती आतल्या बाजूला कलायला लागते. तिथे पुढचा ब्रेक अजिबात धरायचा नाही. मागचा हलका दाबून ठेवायचा, क्लच अर्धवट, थ्रॉटल स्थिर, नजर वळणाच्या शेवटावर. उतारावर थांबावं लागलं तर पाय कुठे टेकणार हे आधीच हेरायचं. खडीवर बूट सरकला की ती सावरत नाही. हायाबुसाच्या सीटची उंची ८०० मिमी आहे, १०आरची ८३५, तुमच्या उंचीला हे महत्त्वाचं.

१०आर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली होती. तिथे ती गाडी खरी कळली. जोनाथन रे या रेसरने २०१५ ते २०२० सलग सहा वर्ल्ड सुपरबाइक रेसिंगचे जागतिक किताब याच घराण्याच्या गाडीवर घेतले, ते का, हे पहिल्या लांब वळणात समजतं. मला ती अजून आठवते. पण वर्षातून एकदा ट्रॅक आणि बाकी वर्ष हायवे, हे गणित तुमचं असेल तर हायाबुसाच घ्या.

गरम दोन्ही होतात. एप्रिलमध्ये सिग्नलला पंखा सुरू झाला की मांडीला कळतं, साधी जीन्स पुरत नाही.

आणि वहिनी मागे बसणार असतील तर १०आरच्या आरसीवर आसनसंख्या एक आहे की दोन, ते बघा. ती सिंगल सीटरही विकली गेलीय.

टेकडीवरचा
या दोघांच्या मध्ये झेडएक्स-६आर का नको? ६३६ सीसी, २०२४ पासून पुन्हा मिळतेय. घाटात हिच्यासारखी मजा नाही.

सातारा_घाटमाथा
एकटे जाणार असतील तर सहमत. पण त्यांना बेळगावपर्यंत दोघांनी जायचंय.

करवीरकर_३९०
आरसीचं बघितलं, सिंगल सीटच आहे. विषय संपला, हायाबुसा बघायला शनिवारी पुण्याला जातोय. काय काय तपासू?

सातारा_घाटमाथा
फोन करून सांगा की इंजिन थंड ठेवा, स्टार्ट तुम्हीच करणार. पोहोचल्यावर आधी हात लावून बघा गरम आहे का. बार-एंड (हँडलची टोकं), लिव्हरची टोकं, इंजिन कव्हरची कड, इथे घासल्याच्या खुणा दिसल्या तर गाडी पडलेली आहे. फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) नवीन बसवता येतं, हे लहान भाग लोक विसरतात. फोर्क सीलवर (पुढच्या सस्पेन्शनचं तेल अडवणाऱ्या रबरावर) बोट फिरवा, तेल लागतंय का बघा. बाहेरचा सायलेन्सर बसवलेला असेल तर कंपनीचा मूळ मागून घ्या. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २१ किंवा २२ दिसलं तर दोन्ही टायरचे पैसे भावातून कापा, नक्षी कितीही शाबूत असली तरी.